उंटाला दिलेला पोल

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय एकाहत्तर पूर्ण, धंदा क्रीडासाहित्याची दुरुस्ती, पूर्वीचा डेकॅथलॉन खेळाडू, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मी घाबरलेलो नाही. थोडा घाबरलो आहे, पण त्याचा बुद्धीवर परिणाम झालेला नाही, असे डॉक्टरांनीच सांगितले आहे.

या कागदाच्या कलम सहामध्ये मी एक गोष्ट कबूल केली आहे. ती माझ्या पत्नीला माहीत नाही. ती कळल्यावर एक्केचाळीस वर्षे भलत्याच माणसाबरोबर काढली असे तिला वाटेल, ही माझी खरी भीती. झडपेचे काय, ती बदलता येते.

कलम एक. राहते घर, खाली दोन खोल्या, वर एक, आणि मागचे पत्र्याच्या छताचे दुकान, हे सर्व पत्नीला. बैठकीच्या खोलीत दारासमोर तिच्या थोरल्या भावाचा फोटो लावलेला आहे. फोटो तिचा होता, भिंत माझी होती. आता दोन्ही तिचे. मी असेपर्यंत मात्र तो तिथे असल्यामुळे मला चपला घालताना पाठ फिरवून बसावे लागले, याची नोंद व्हावी.

कलम दोन. उंच उडीच्या गाद्या शिवण्याचे यंत्र, दाभण, मेणाचा दोरा आणि कातडी कापायच्या दोन्ही सुऱ्या आमच्याकडे बावीस वर्षे गाद्या शिवणाऱ्या बाईंना. त्यांनी मला एकदाही “तुमचे मेहुणे टीव्हीवर दिसले” असे सांगितलेले नाही. एवढ्यासाठी दुकानसुद्धा दिले असते.

कलम तीन. बँकेतील ठेव मुलीला. ती गुणी आहे. तरी शाळेत ‘माझा आदर्श’ या निबंधात तिने मामावर दीड पान लिहिले आणि माझ्याबद्दल “बाबा मामाचे मित्र आहेत” एवढे एकच वाक्य. ती तेव्हा दुसरीत होती. मी विसरलेलो नाही.

कलम चार. माझे स्टॉपवॉच आमच्या प्रशिक्षकांना, ते हयात असल्यास. ते मला म्हणत, “तू दहाही खेळांत ठीक आहेस.” आणि त्याच दमात उंटाकडे (हा कोण, ते कलम पाचमध्ये) बघून म्हणत, “याच्यात काहीतरी आहे.” काय आहे, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. घड्याळ बंद आहे. दुरुस्त करून देऊ नये.

कलम पाच. उंट म्हणजे माझ्या पत्नीचा थोरला भाऊ. लांब मान, लांब टांगा, म्हणून मैदानावर हेच नाव पडले. आम्ही एकाच क्लबात वाढलो. डेकॅथलॉनमध्ये दोन दिवसांत दहा खेळ असतात आणि प्रत्येकाचे गुण मिळवून निकाल लागतो. त्याने तीन आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळल्या, एकीत ब्राँझ मिळवले, मग समालोचन केले, जाहिरातीत बूट घालून दाखवले आणि नव्या स्टेडियमच्या एका दरवाजाला स्वतःचे नाव लावून घेतले. मी मात्र त्या दरवाजातून आत जाऊन अडथळ्यांचे पाय वेल्ड करून दिले. होय, मी जळतो. सकाळी दात घासतानाही जळतो. तो कधी भाव खात नाही, सगळ्यांशी गोड बोलतो, त्यामुळे तर जास्तच पोटात दुखते. निदान गर्विष्ठ असता तर जळायला सोबत मिळाली असती. त्याला मी काहीही देत नाही.

कलम सहा. दुकानाच्या आढ्याला टांगलेला ताठ पोल. बेचाळीस वर्षांपूर्वी निवड चाचणी होती. परदेशी जायला जागा एकच. सात खेळ झाले तेव्हा मी उंटापेक्षा शहाण्णव गुणांनी पुढे होतो. आठवा खेळ बांबूउडी, म्हणजे पोल व्हॉल्ट. उंटाच्या पोलची पिशवी ट्रकवाल्याने दुसऱ्याच गावी उतरवली होती. आमच्यात नियम असा, की कोणाकडे पोल नसेल तर आपला द्यायचा. नाही म्हणणारा माणूस पुन्हा तोंड दाखवू शकत नाही.

माझ्याकडे दोन पोल होते. एक जुना, मऊ, माझ्या आणि उंटाच्या वजनाला बरोबर. दुसरा नवा, ताठ, आमच्यापेक्षा दहा किलो जड माणसासाठी. दीड दिवस पळून झालेल्या पायांनी असला पोल वाकत नाही; तो उडी मारणाऱ्याला उलटा फेकतो. पोलवर वजनाचा आकडा असतो. त्या आकड्यावर मी पकडीसाठी लावतात ती मुठीची चिकटपट्टी गुंडाळली आणि सगळ्यांदेखत नवा पोल उंटाच्या हातात दिला. म्हणालो, “घे, मी जुन्यावर भागवतो.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या उडीत पोलने त्याला परत धावपट्टीवर आपटले. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दुसऱ्या उडीत तसेच. तिसऱ्या उडीत त्या मेल्याने काय केले कोण जाणे, पोल वाकला, आणि ताठ पोल एकदा वाकला की फेकतोही जास्त उंच; नंतर उंट वर वरच जात राहिला. चार मीटर सत्तर. मी चार तीसवर थांबलो. दहा खेळांपैकी सातांत मी त्याच्या पुढे होतो आणि चौदा गुणांनी हरलो. मऊ पोल दिला असता तर तो चार चाळीसच्या वर गेला नसता आणि मी परदेशी गेलो असतो. हे गणित मी रोज करतो. उत्तर बदलत नाही.

त्यानंतर बेचाळीस वर्षे प्रत्येक मुलाखतीत तो सांगतो, “माझ्या मित्राने स्वतःचा नवा पोल मला दिला, म्हणून मी घडलो.” पत्नी त्या दिवशी गुण लिहायच्या टेबलावर बसली होती. वर्षभरात तिने माझ्याशी लग्न केले. का केले असेल, हे मला ठाऊक आहे. माझ्यात दुसरे घेण्यासारखे होते तरी काय? आता क्रीडा संघटना तो पोल काचेच्या पेटीत ठेवणार आहे, खाली पाटी: ‘मैत्री’. म्हणून आदेश असा, की माझ्या मागे तो पोल करवतीने कापावा आणि का कापला ते सर्वांना वाचून दाखवावे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. वरील मजकूर मी पत्नीला वाचून दाखवला. मेल्यावर कळण्यापेक्षा जिवंतपणी शिव्या खाव्यात, असे वाटले. ती माझ्या दवाखान्याच्या पिशवीत टॉवेल भरत होती. भरतच राहिली.

“अहो, हे मला माहितीये,” ती म्हणाली.

“काय माहितीये?”

“आकडा. तुमची पट्टी तुमच्या मुठीची. दादाची मूठ केवढी! त्यानं ती सोडून नवी गुंडाळली, तेव्हाच त्याला दिसला.”

दुसऱ्याचा पोल हातात आला, की प्रत्येक जण आधी पट्टी सोडतो. हे शिकाऊ पोरालाही कळते. मला त्या दिवशी सुचले नाही.

“मग उडी का मारली त्यानं?”

“राग आला म्हणे. आयुष्यात तेवढा एकदाच.”

“आणि तुला हे कधी कळलं?”

“लग्नाच्या आधी. आला आणि म्हणाला, ह्याच्याशी करू नकोस, हा माझ्यावर जळतो.”

मी खुर्चीत बसलो. विचारले, “तरी केलंस?”

तिने पिशवीची चेन लावली. “तरी नाही हो, म्हणून केलं. आमच्या घरात पहिल्यापासून दादा दादा दादा. दूध त्याला, नवे बूट त्याला, मी पहिली आले तरी आईचा प्रश्न, दादाचं काय झालं? मला वाटायचं मीच एकटी दुष्ट. मग कळलं, आणखी एक जण आहे. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!”

“मग तो फोटो कशाला लावलास दारासमोर?”

“आईनं दिला. आणि तुम्ही रोज त्याला पाठ दाखवून बसता ना, ते बघायला आवडतं मला.”

मी बराच वेळ हसत होतो. डॉक्टरांनी हसायला बंदी केलेली नाही.

सबब कलम सहा पुढीलप्रमाणे बदलत आहे. पोल कापू नये. संघटनेला खुशाल द्यावा, पण पट्टी सोडून, आकडा लोकांना दिसेल असा. पाटी कोणती लावायची ते पत्नी ठरवेल. कलम पाच कायम.

दुसरा साक्षीदार म्हणून उंटाला बोलावले आहे. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगितल्यावर मला दुसरे नाव सुचलेच नाही. तो आत्ता समोर बसला आहे, पेन काढून तयार आहे आणि माझ्या तब्येतीची चौकशी करतो आहे. वकिलांनी आणखी एक बजावले आहे: आधी मृत्युपत्र करणाऱ्याची सही, साक्षीदारांची त्यानंतर, उलटे झाले तर कागद बाद. त्याला मी सांगितले, थांब.

स्थळ: राहत्या घरी, मागच्या दुकानात
तारीख: सतरा मार्च, मंगळवार

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार एक: शेजारचे दंतवैद्य (सही)

साक्षीदार दोन: उंट (सही), माझ्यानंतर.