स्टेशन द्या, मग दुकान घ्या

४ फेब्रुवारी

चि. बटण्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक, तुझ्या भाऊजींचा गुडघा सोडून. डॉक्टरांनी पट्टा दिलाय, तो ते गुडघ्याला सोडून खिडकीच्या पडद्याला बांधतात. तुझ्या छकुलीचा फ्रॉक शिवून तयार आहे, घेर भरपूर ठेवलाय.

आता कामाचं. काल तुमच्या उपनगरी रेल्वेच्या कार्यालयातून एक माणूस दुकानात आला. चहा घेतला आणि गोड आवाजात सांगितलं की वाढीव मार्गाला पैसे कमी पडतायत, म्हणून शेवटचं स्टेशन, म्हणजे आपलं, पुढच्या टप्प्यात ढकललंय. पुढचा टप्पा कधी, ते त्याच्या साहेबांनाही माहीत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, आमची गल्ली तरी वाचली. तर तेही नाही. गल्लीची जागा ते आत्ताच घेणार, बिल्डरला देणार, आणि त्या भाड्यातून अलीकडच्या स्टेशनांचा खर्च भागवणार. दुकानं जाणार आमची आणि गाडीत बसणार दुसरेच. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

गेल्या वर्षी कापायच्या टेबलावर नकाशा पसरून तूच म्हणालास की स्टेशन दारात येतंय, माझी लेक नोकरीवरून रोज घरी येईल, आता रविवारची पाहुणी असते तशी नाही. बाबांनी दुकान आपल्या दोघांच्या नावावर ठेवलेलं. जागा द्यायच्या संमतीपत्रावर पहिली सही तू केलीस, मग मी. रेल्वेतला माणूस स्वतःचं दुकान देतोय म्हटल्यावर घड्याळवाले काका, बेकरीवाली, चष्मेवाला, सगळ्यांनी डोळे मिटून सह्या केल्या. आता ते माझ्या तोंडाकडे बघतात.

महिनाअखेरीला सुनावणी आहे. तिथे संमती मागे घेता येते. मी घेणार. पण दुकान दोघांचं, म्हणून दोघांनीही समोर उभं राहून सांगावं लागतं. तेव्हा कधी येतोस ते कळव.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस बटण्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. भाऊजींना म्हणावं, पडद्याला बरं वाटलं की पट्टा परत घ्या.

ताई, तू म्हणतेस तसं सोपं नाही गं. शेवटचा तुकडा दलदलीतून जातो. तिथे भराव घालायलाच इतका खर्च येतो की बँका पुढचं कर्ज देईनात. तिकीट वाढवलं तर रोज जाणाऱ्या गरिबांच्या खिशाला चाट. कर वाढवायचं नाव काढलं की नगरसेवक उठून जातात. राहता राहिली जमीन. हा निर्णय मला आवडला असं नाही, पण आकडेमोड केलीय ती आमच्याच विभागाने, आणि तिच्यात चूक नाही. भरपाईही चांगली आहे. बाजारपेठेत यापेक्षा मोठं दुकान येईल तुला.

आणि मी कसा येऊ? त्या दिवशी मी कार्यालयाच्या बाजूने टेबलाशी बसणार आहे. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करू? नोकरी गेली तर छकुलीच्या शाळेचं काय, हा विचार मनातून जात नाही. रागावू नकोस. रागावशीलच म्हणा.

तुझा
बटण्या

१४ फेब्रुवारी

चि. बटण्यास आशीर्वाद. ते द्यावेच लागतात म्हणून.

रागावले. चांगलीच रागावले. अलीकडच्या स्टेशनाचं चित्र त्या माणसाने दाखवलं होतं. काचेचं छत, सरकते जिने आणि समोर कारंजं. कारंजं कशाला रे? लोकांनी आंघोळ करून गाडीत बसायचं का? कापड कमी पडलं तर मी झालर काढते, अस्तर साधं लावते. एक बाही कापून, ती पुढच्या टप्प्यात देईन असं गिऱ्हाइकाला सांगत नाही. सांगितलं तर तो माझ्याच कात्रीने माझं नाक कापेल.

तू म्हणशील, कारंज्याच्या पैशात दलदल भरत नाही. नसेल भरत. तुझी आकडेमोड बरोबर असेलही. मग आम्हाला स्टेशन नको आणि तुम्हाला आमची गल्ली नको, इतका सरळ हिशेब आहे. मला गाडीचं वावडं नाही. उद्या रूळ टाका, दुकानाला मी स्वतः कुलूप लावून किल्ली तुमच्या हातात देते. स्टेशन द्या, मग दुकान घ्या. हेच वाक्य पडद्याच्या कापडावर शिवून गल्लीच्या तोंडाशी लावलंय. भाऊजी त्या गुडघ्याने शिडीवर चढले, आता ओरडतायत.

तुमच्या लोकांनी भरपाई दुप्पट केलीय. चष्मेवाला डळमळला. त्याचं तरी काय चुकलं, त्याच्या घरी आजारी आई आहे. बेकरीवालीने मात्र त्या माणसाला दारातूनच परत पाठवला.

वकिलाला विचारलं की माझ्या एकटीच्या बोलण्याने काय होईल. तो म्हणाला, काही होणार नाही, धाकट्याने सांगितल्याशिवाय दुकान जाणार. तरी मी जाणार. बाबांच्या दुकानातून मला बाहेर काढायचं तर माझ्या तोंडावर काढा, आणि त्या टेबलाशी तू बसलेला असशील तर तूही बघ.

ताई

२१ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कारंज्याबद्दल मी साहेबांना विचारलं. ते हसले. ते बिल्डर फुकट देतोय म्हणाले. फुकट कसं, ते मी विचारलं नाही, आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाहीये.

आणखी एक सांगायचं आहे, रविवारपासून तोंडाशी येऊन राहिलंय. साहेबांनी ठरवलंय की त्या दिवशी माइक माझ्या हातात द्यायचा. मी घरचा माणूस, तेव्हा मीच गल्लीला समजवायचं. गेल्या वर्षी पहिली सहीही माझ्याकडून त्यांनी याच हिशेबाने घेतली होती. मला तेव्हा तो मान वाटला. मूर्ख मी.

तू माझ्याकडे बघू नकोस, एवढीच विनंती.

तुझा
बटण्या

१ मार्च

चि. बटण्यास ताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सुनावणी संपताच तू शेवटची बस पकडलीस, बोलणंच झालं नाही. म्हणून लिहिते. मी बघणार नव्हते, पण बघितलंच. माझं बोलून झालं, अध्यक्षांनी नोंद घेतली म्हणून मान डोलावली आणि तुझ्या साहेबांनी माइक तुझ्यापुढे सरकवला. वाटलं, आता हा आपल्याला शहाणपण शिकवणार, आणि आपलेच दात, आपलेच ओठ.

तू माइक आडवा ठेवलास. टेबलाला वळसा घालून खाली आलास आणि संमती मागे घेणाऱ्यांच्या रांगेत बेकरीवालीच्या मागे उभा राहिलास. साहेबांनी हाक मारली, वळलाही नाहीस. अख्खी रांग सरकेपर्यंत थांबलास. मग पुढे होऊन म्हणालास, ‘माझ्या अर्ध्या दुकानाची संमती मी मागे घेतो. गल्लीला स्टेशन येणार म्हणून सांगणारा मीच होतो.’ चष्मेवाला मागच्या बाकावरून उठला तो तुझ्यामुळे. त्याच्यामागे घड्याळवाले काका.

मला रडू आलं. भाऊजींनी रुमाल दिला, तो तेलाचा निघाला.

अध्यक्षांनी सांगितलं की आता गल्ली घेता येणार नाही, खर्चाचा विचार नव्याने करावा लागेल. स्टेशन अजून नाहीच. त्यासाठी पुढच्या महिन्यात आम्ही तुमच्या कार्यालयावर येणार आहोत, कापड शिवायला घेतलंय. लेकही रजा काढून येतेय.

तुझ्या नोकरीचं काय झालं ते खरं खरं कळव. मला घोर लागलाय.

तुझी ताई

१० मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

खरं खरं कळवतो. मला जुन्या सामानाच्या गोदामात बसवलंय. तिथे खिडकी नाही. नोकरी राहील की नाही ते ठरायचं आहे. साहेबांनी बोलावून सांगितलं की दोन ओळींची माफी लिहा, प्रकरण मिटवू. घरी आल्यावर तुझ्या भावजयीला हे सांगितलं, तर तिने माफीचा कागद लाटण्याखाली ठेवला आणि म्हणाली की लिहायची असेल तर आधी मला ओलांडून जा.

आज लेखी खुलासा मागितला होता. कार्यालयाचा माणूस असून त्या रांगेत आपण कोणत्या नात्याने उभे राहिलात, असा प्रश्न होता. सकाळभर कोरा कागद समोर घेऊन बसलो. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. मग एकच ओळ लिहिली आणि स्वतः नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली.

‘दुकानाचा अर्धा मालक म्हणून, आणि तो मी अजूनही आहे.’

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच भांडका राहू दे.

तुझा
बटण्या