‘शांत’ या शब्दावर अडलेलं पेन

अहो,

हाच मायना चालेल ना? सतरा वर्षांत तुम्हाला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही, आता काय मारणार!

आज लिहायला बसले ती वंदनामुळे. परवा तुमचं वर्षश्राद्ध. पेपरात फोटोखाली चार ओळी द्यायच्या असं आपल्या लेकीने ठरवलं आणि मजकूरही तिनेच लिहिला. ‘कष्टाळू, निर्व्यसनी, शांत स्वभावाचे आमचे पप्पा.’ साडेचारला शेजारचे भाऊ वापीला निघतात, त्यांच्या हातात कागद द्यायचा आहे. “मम्मी, फक्त शुद्धलेखन बघ. बाकी काही बदलू नकोस,” असं बजावून ती बाहेर ओट्यावर बसली आहे. शुद्धलेखन चोख आहे हो. पण ‘शांत’पाशी माझं लाल पेन अडलं ते अडलंच. तिला म्हटलं, थांब जरा, पप्पांना विचारते. तिने माझ्याकडे असं पाहिलं की एरवी मला हसू आलं असतं.

तुम्ही आणि शांत? रॉकेलच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं की तुमचा आवाज अख्ख्या चाळीला ऐकू जायचा. मी घाईघाईने दार लोटून घ्यायची. ‘किती तापट हो तुम्ही!’ हे तर माझं रोजचंच वाक्य. मी धुळ्याची, डी.एड. झालेली मास्तरीण. तुम्ही साक्रीकडचे, दहावी नापास, आणि चिडलात की तोंडात घरची अहिराणी. मला लाज वाटायची. आता कबूल करायला काय हरकत आहे?

तो शुक्रवार तुम्ही विसरला नसाल. वंदना तीन वर्षांची होती. शिफ्ट संपायच्या आत तुम्ही घरी आलात, हातात कंपनीचा कागद. सायली गावातल्या त्या धाग्याच्या कारखान्यात तुम्ही चालतं मशीन बंद केलं होतं आणि सुपरवायझरने तुम्हाला गेटबाहेर काढलं होतं. ‘परवानगीशिवाय मशीन बंद केले’, कागदात कारण एवढंच. सोमवारी दहाच्या आत स्वतःच्या अक्षरात माफीनामा आणायचा, नाहीतर पुन्हा गेटवर यायचं नाही.

खोली कंपनीची. माझी शाळेतली नोकरी हंगामी, जूनमध्ये पुन्हा घेतील याचा काय भरवसा? तुमची नोकरी गेली की पोरीला घेऊन साक्रीच्या बसमध्ये बसायचं, एवढंच मला दिसत होतं.

आणि मी लगेच लिहायला बसले! चाळीतले निम्मे लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे यायचे, त्याचा तोरा होताच. ‘मी एक अज्ञानी कामगार असून माझ्या तापट स्वभावामुळे माझ्या हातून अक्षम्य चूक घडली आहे. तरी कृपाळू होऊन मला पदरात घ्यावे.’ दोनदा वाचून पाहिलं. मला ते फार छान जमल्यासारखं वाटलं.

शनिवारी दुपारी तुम्ही ते उतरवायला बसलात. अर्धी ओळ लिहिलीत आणि पेनाला टोपण लावलंत.

“हाई कोनी लिखं?”

“मीच. दुसरं कोण लिहिणार?”

तुम्ही कंपनीचा कागद माझ्या कागदाशेजारी ठेवलात आणि एका शब्दावर बोट. “‘तापट’ कंपनीना कागदमा नही. हाऊ शब्द आपला घरना शे.”

मी सारवासारव केली. अहो, अर्जात असंच लिहितात, रीतच असते तशी.

“‘अज्ञानी’ लिखतस, मान्य. पन ‘तापट’ तू लिखं. तुले वाटस, मी रागमा मशीन बंद करं?”

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. मुलांच्या निबंधावर मीच शेरे मारते की नाही? ‘इथे तुझा सूर चुकला.’ आणि माझ्याच अर्जात माझा सूर तुम्ही पकडलात. कंपनीची माफी मागायच्या निमित्ताने मी तुमच्याबद्दलची माझी तक्रार लिहून ठेवली होती, तीही तुमच्याच अक्षरात जाणार होती. आणि शुक्रवारपासून मी तुम्हाला एकदाही विचारलं नव्हतं, मशीन बंद का केलंत!

मग तुम्हीच सांगितलंत. काम भराभर व्हावं म्हणून रोलरवरची संरक्षक जाळी कुणीतरी काढून ठेवली होती. शेजारी रांधा गावची सोमी काम करत होती. तिचा पदर सुटला, रोलरपासून वीतभर. तुम्ही बटण दाबलंत. परवानगी कुणाची काढत बसणार होतात?

दुसरा अर्ज तुम्ही सांगितलात, मी लिहिला. ‘मी मशीन बंद केले. रोलरवर जाळी नव्हती आणि बाई जवळ होती. परवानगी घेण्यास वेळ नव्हता, त्याबद्दल दिलगीर आहे. जाळी नसेल तर पुन्हा बंद करीन.’ चौथीच्या पोराला येतील असे शब्द. त्यात लाचारी नव्हती आणि उर्मटपणाही नव्हता. वाचताना तुमचाच आवाज ऐकू येत होता. हे मला तेव्हाच कळलं होतं हो, आज कळलं असं नाही.

तरीही मी म्हणाले, “शेवटचं वाक्य काढा. तुमच्या पाया पडते. पोरीकडे बघा.”

तुम्ही पोरीकडे नाही, माझ्याकडे पाहिलंत. मग टोपण काढलंत आणि तीन वाक्यं उतरवलीत. चौथं नाही.

सोमवारी दहा वाजता मी तिसरीच्या वर्गात समानार्थी शब्द शिकवत होते. फळ्यावरच्या ओळी खाली घसरत होत्या. एक पोरगी म्हणाली पण, “बाई, वाकडं चाललंय.” शाळा सुटल्यावर वंदनाला शेजारून न घेताच धावत खोलीवर आले. दाराला कुलूप तसंच होतं. म्हणजे तुम्हाला कामावर घेतलं! मी त्या कुलपाला हात जोडले.

संध्याकाळी विचारलं, साहेब काय म्हणाले? “वाचलं, ठेवून घेतलं,” एवढंच बोललात. जाळी लागली का, हे मी त्या दिवशीही विचारलं नाही.

त्यानंतर घरात तुमचा आवाज कधी चढला नाही. रांगेत लोक घुसायचे, तुम्ही बाजूला व्हायचात. मी चाळीत सांगत सुटले, आमचे हे आता किती निवळलेत! तुम्ही निवळला नव्हतात. माझ्यासमोर बोलणंच बंद केलं होतंत. का हो असं केलंत? एकदा तरी भांडायचं होतं माझ्याशी! एखादं ताट आपटायचं! मी दार लोटून घेतलं असतं, पण ऐकलं तर असतं.

तुमच्या बाराव्याला सोमी आली होती. कोपऱ्यात बसली, निघताना तुमच्याबद्दल मला म्हणाली, “भाऊ रोज घरून तार आनं. जाळी बांदं, मंगच मशीन चालू करं.”

“रोज?”

“हव. दुसरा कोन करं?”

पलंगाखालचं ते तारेचं भेंडोळं! झाडताना दर वेळी मी त्यावरून तुम्हाला बोल लावायची. भंगारात घाला म्हणायची. तुम्ही नुसतं पायाने आत सरकवायचात. आता ते मी कुणाला हलवू देत नाही.

वंदनाचं काय चुकलं? तिला आठवतात ते पप्पा गप्पच होते. तिने पाहिलं तेच लिहिलं. पण ‘तापट’ मी लिहिला तेव्हा तो तुमच्यावर अन्याय होता, आणि आता ‘शांत’ छापून आला तर त्याच अन्यायावर माझी दुसऱ्यांदा सही होईल.

चार वाजून दहा मिनिटं झाली. आत्ता तो शब्द खोडला. वंदनाने दारातून पाहिलं आणि “मम्मी!” म्हणून अशी ओरडली की शेजारच्या वहिनी बाहेर आल्या. आवाज अगदी तुमचा! आज मी दार लोटलं नाही. तिला जवळ बसवते आणि हे सगळं वाचायला देते.

तुम्हाला शब्द देते, कुणाबद्दलही काही लिहिण्याआधी त्याला ‘का’ विचारीन. आणि मी गाळायला लावलेली तुमची ओळ परवा तुमच्या फोटोखाली येईल, तुमच्याच शब्दांत, एक अक्षरही न बदलता: ‘जाळी नसेल तर पुन्हा बंद करीन.’ लोक म्हणतील, ही कसली श्रद्धांजली? म्हणू देत. जो विचारेल त्याला सांगेन.

तुमचीच,
सुमन