दोन भावंडं, चार कोपरे

७ जानेवारी, मंगळवार

शिवानीच्या हातातून आज घंटा वाजवायची काठी पडली. उचलून दिली, परत पडली. मग मी दिलीच नाही. घंटांच्या कोपऱ्यात नुसती बसून राहिली, मान आवाजाकडे वळवून.

माझ्या या विशेष मुलांच्या संगीतवर्गात चार कोपरे — ढोल, घंटा, गाणं आणि ऐकायची गादी. मी पेटीवर सूर बदलला की मुलं कोपरा बदलतात. कुणी आपणहून, कुणी माझ्या मदतनीसाचा, मितेशचा हात धरून. शिवानीची नजर गेली तरी तिला आवाजावरून कळायचं कुठे जायचं ते. सहा वर्षांची आहे. तीन वर्षांची होईपर्यंत बोलायची, नाचायची, मग एकेक विसरत गेली. या आजारात शिकलेलं सगळं उलटं जातं. औषध नाही, डॉक्टरांनी सांगून टाकलेलं.

मी तिला बरी करायला इथे नाहीये. हे रोज स्वतःला सांगावं लागतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

पायात घुंगरू बांधले. पाय हलतो अजून! हलला, वाजले, शिवानी हसली. तिची आई निशिगंधा उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

२८ जानेवारी, मंगळवार

आज कमलेश वर आले. शिवानीचे वडील. एरवी सोडायला येतात आणि खाली ठाकुर्लीच्या अरुंद गल्लीत गाडीतच बसून राहतात. मुलीकडे बघवत नाही त्यांना, असं निशिगंधा म्हणते. शीळफाट्याजवळच्या गावचे, आगरी. गावच्या बेंजो पार्टीत ढोल वाजवतात, आसपासच्या हळदींना त्यांनाच बोलावणं असतं.

कडेवर साकेत, धाकटा. आता तीन पूर्ण होईल. घरी बघायला कुणी नाही म्हणून आई त्यालाही घेऊन येते. खाली सोडल्या सोडल्या "ढोल दे, ढोल दे" करत कोपऱ्यात पळाला. कमलेश त्याच्यामागे मांडी घालून बसले, त्याचे हात आपल्या हातात घेतले आणि हळदीचा ठेका धरला. सगळा वर्ग थांबला. गादीवर शिवानीचे घुंगरू वाजायला लागले. बापाने वळून पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं असेल इतका वेळ. मग ढोल सोडून तिच्याजवळ गेले, पायावरून हात फिरवला.

जाताना मला म्हणाले, "याला गणपतीत उभा करनार. माझे बाजूला."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

निशिगंधा चहा पिताना सांगत होती. हा आजार भावंडांत येऊ शकतो, साकेतचीही तपासणी करून घ्या, असं डॉक्टरांनी मागच्या वर्षीच सांगितलेलं. कमलेशनी हात जोडले म्हणे. पोरगा ठणठणीत आहे, त्याला सुया टोचू नका. घरात तो विषयच बंद.

साकेत मितेशच्या पाठीवर चढून बसलेला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शिवानीला आकडी आली, वर्गातच. कुशीवर वळवली, तोंड पुसलं. बाकीच्या मुलांना मितेशने गाण्याच्या कोपऱ्यात नेऊन गात ठेवलं. निशिगंधा घड्याळ बघून मिनिटं मोजत होती. सवय कशाकशाची होते माणसाला.

आता घंटा नाहीत, ढोल नाही. तिच्यापुरता एकच कोपरा उरला — गादी. खाली स्पीकर ठेवलाय, खर्ज लावला की अंगभर थरथर जाणवते. तीच तिला आवडते.

४ मार्च, मंगळवार

साकेतच्या हातातून काठी पडली.

७ मार्च, शुक्रवार

काही नसेल. मागच्या आठवड्यात ताप येऊन गेलाय त्याला. लहान मुलं टाकतातच वस्तू.

१८ मार्च, मंगळवार

आज पेटी मितेशकडे दिली आणि नुसती बघत बसले. सूर बदलला की सगळ्यात आधी साकेत पळायचा. आज पळाला नाही. मग उठला, सपाट फरशीवर अडखळला, पडला. उठून परत पडला. ढोलापाशी जाऊन बोट दाखवलं. "ढोल दे" म्हणाला नाही. आठवडाभर म्हणत नाहीये. मी वाट बघत होते, म्हणेल म्हणून.

वर्ग सुटल्यावर मितेश गाद्या गुंडाळत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तुम्ही पण बघितलंत ना?"

बघितलं, म्हटलं.

२१ मार्च, शुक्रवार

सांगायचं कसं? मी डॉक्टर नाही. चुकीचं निघालं तर उगाच त्या बाईचा जीव काढल्यासारखं. आणि बरोबर निघालं तर —

शिवानीचं डोकं मांडीवर घेऊन ती गादीवर बसलेली, एका हाताने साकेतला धरून. तोंड उघडवलं नाही माझ्याने.

२५ मार्च, मंगळवार

आजही नाही.

कमलेशनी साकेतसाठी छोटा ढोल बनवून आणलाय. लाल दोऱ्यांचा. स्वतः गळ्यात अडकवून दाखवला मला, पोटावर टेकवून. एवढा मोठा माणूस, हसत होता.

१ एप्रिल, मंगळवार

सांगितलं. मुलं निघाल्यावर निशिगंधाला थांबवलं आणि म्हटलं, साकेतला एकदा डॉक्टरांना दाखवू या, मी येते बरोबर. ती शिवानीला चपला घालत होती. घालून झाल्यावर वर बघितलं. माझ्याशी नेहमी शाळेतलं मराठी बोलते, आज घरचं बोलली.

"मना ठावं हाय, ताई."

दिवाळीनंतरच तपासणी केलीये तिने. स्वतःच्या भावाला बरोबर नेलेलं, नवऱ्याला न सांगता. इतके महिने एकटी.

मग म्हणाली, "यांना नका सांगू. एवढा उन्हाळा पोरासोबत खेळू दे त्यांना."

शिवानीला उचलून मी खाली आले. कमलेशनी गाडीचं दार उघडलं, तिला माझ्याकडून घेतलं, आणि विचारलं, आज साकेतने कसा वाजवला?

छान, म्हटलं मी.