गार्गीनं रक्त कोणासाठी दिलं

कामठी,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रेमानंदराव यांस,

शोभाचा नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. थंडी सरली, दुपारचं ऊन चटकायला लागलं आहे. मागच्या गल्लीतले पॉवरलूम नेहमीसारखे खडखडतात. सुरुवातीला त्या आवाजानं गार्गीला झोप लागत नसे, आता लागते. जेवतेही बऱ्यापैकी. परवा पाटोडीचा रस्सा केला होता, तर दुसऱ्यांदा मागून घेतला. तुमची प्रकृती तिथं कशी आहे? गुडघे दुखतात असं तुमच्या वकिलानं कोर्टात सांगितलं, म्हणून विचारलं.

हे पत्र तुमच्या आधी जेलमधले साहेब वाचतील. वाचू द्या. सरकारी वकिलांनी मला लिहू नका असंच सांगितलं. म्हणाले, ताई, जे बोलायचं ते कोर्टात बोला. त्यांचं खरं आहे. पण कोर्टात विचारतील तेवढंच बोलता येतं.

तुम्ही गार्गीला लिहिलेलं पत्र पोचलं. तिनं ते उभ्याउभ्या वाचलं आणि माझ्या हातात देऊन कॉलेजला निघून गेली. "तुझ्या मावशीनं तुले फितवलं, बेटा. तिच्या नादी लागू नोको. एकदा भेटाले ये." वाचताना मला तुमचा आवाज ऐकू आला. लेकीशी बोलताना तुमचा आवाज कसा मऊ होतो ते मला माहीत आहे. मयुराशीही आधी तुम्ही तसंच बोलायचात.

आणखी एक. नवरा या नात्यानं मयुराचे अंत्यविधी करायला थोडे दिवस सोडा, असा अर्ज तुम्ही केला होता. तो नामंजूर झाल्याचं कळलं असेल. का झाला ते मात्र वकिलानं सांगितलं नसेल. न्यायाधीशांनी गार्गीला विचारलं, तर ती म्हणाली, "आईचं मी करीन." तपासणीचे नमुने काढून उरलेल्या अस्थी कोर्टानं तिच्या ताब्यात दिल्या. अग्नी तिनंच दिला. मग आम्ही दोघी रामटेकला गेलो आणि अंबाळा तलावात राख सोडली. गुरुजींनी नवऱ्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, त्याची गरज नाही. गुरुजी कामठीचेच आहेत, पेपर वाचतात.

तेव्हा ते काम झालं आहे. तुमच्यासाठी काही उरलेलं नाही.

आता मूळ गोष्ट. मयुरा नाहीशी झाली त्या शनिवारच्या आदल्या दिवशी तिचा मला फोन आला होता. "ताई, उद्या शाळा सुटली का गार्गीले घेऊन मी येऊन राहिली. यांना सांगितलं नाही. दार उघडं ठेव." मी काहून म्हणून विचारलंही नाही. त्याआधीच्या राखीपौर्णिमेला तिच्या दंडावरचे वळ मी पाहिले होते. शनिवारी ती आली नाही. रविवारी तुम्ही आलात, डोळे लाल करून. आमच्या बैठकीत बसून रडलात. तुमच्या साईटवरचा ड्रायव्हर विक्की, त्याच्याबरोबर ती पळाली म्हणालात. आईनं तुम्हाला पाणी दिलं. तुम्ही ते प्यायलात.

मी पोलिसांना फोनबद्दल सांगितलं. तुम्ही सांगितलंत की तो फोन म्हणजे पळायची तयारीच होती, माहेरचं नुसतं निमित्त. त्यांना तुमचं पटलं. तुम्ही बांधकामातले मोठे ठेकेदार, मी शाळामास्तरीण, तीही सावत्र बहीण.

पुढं आईचं काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही. आई, म्हणजे यमुताई, भजनात पेटी वाजवायची, आख्ख्या कामठीला माहीत होतं. बायांनी पेटी दुसरीच्या हाती द्यायला सुरुवात केली. मग आईनं जाणंच सोडलं. मला तिनं जन्म दिला नव्हता. मी चालायला लागायच्या आत माझी आई गेली आणि बाबांनी यमुताईंशी लग्न केलं. पण सावत्र हा शब्द आमच्या घरात मी कधी ऐकला नाही. तो मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकला. मरताना आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "मयुरा आली तं तिले बोलू नोको वं. भूक लागली असन तिले." लेक पळून गेली या लाजेत ती गेली, प्रेमानंदराव. लेक बेसाला तुमच्या गोडाऊनच्या फरशीखाली होती.

तेव्हा नागपूरबाहेरचं बेसा म्हणजे शेतं होती. पुढे तिथं फ्लॅट उठले, तुमचंही भलं झालं. रस्ता रुंद करायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांनी मोबदला घेतला, तुम्ही एकटे कोर्टात लढत राहिलात. लोक म्हणायचे, प्रेमानंदरावांचा त्या जुन्या गोडाऊनवर फार जीव. शेवटी हरलात. जेसीबीनं फरशी उचकटली आणि खाली हाडं निघाली.

तुम्ही डगमगला नाहीत. छत्तीसगडचे मजूर तिथं राहायचे, त्यांच्यातलीच कोणी बाई असेल, असं सांगितलंत. अंगावर दागिना नव्हता, कपडा कुजलेला. कोणीही असू शकत होती. मी पेपरात वाचलं आणि त्याच दिवशी ठाण्यात गेले. तिथं पायल नावाच्या तरुण सब-इन्स्पेक्टर आहेत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. विक्कीचा शोध पहिल्यांदा त्यांनी घेतला. तो रायपूरला सापडला, बायकामुलांसह. तुम्हीच तेव्हा त्याला घाईघाईनं तिकडच्या साईटवर पाठवलं होतं. आपल्या नावावर एक बाई पळवल्याचा डाग आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं.

पण मुख्य प्रश्न उरलाच होता. हाडं कोणाची? फरशीखाली इतकी वर्षं गेली तरी दाढेच्या आत आणि मांडीच्या हाडात डीएनए शाबूत होता. तो जुळवायला रक्ताचं माणूस हवं. माझं रक्त घेतलं. तेव्हा ठाण्यात तुम्ही सगळ्यांसमोर हसलात. "ते सावत्र हाय साहेब. तिच्या रक्तात काय सापडन?"

तुमचं बरोबर निघालं. रिपोर्ट आल्यावर पायल मॅडमनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. "ताई, तुमचे वडील एक, आया वेगळ्या. नातं असावं, इतकंच म्हणता येतं. कोर्टात 'असावं' चालत नाही."

"मग कोणाचं रक्त चालतं?"

"आईचं, बापाचं, नाहीतर लेकराचं. आईचा अर्धा वाटा लेकरात असतोच. तिथं शंकेला जागा राहत नाही."

आईबाबांची राख कधीच वाहून गेली होती. उरली होती गार्गी. ती नागपुरात कॉलेजला होती, तुमच्या घरात, तुमच्या मायेत. पोलीस तिला विचारणार हे कळताच तुम्ही तिला सांगितलंत, "असल्या भानगडीत पडू नोको, बेटा." तरी ती गेली. तुम्हाला न सांगता गेली. आणि तुरुंगात बसून तुम्ही समजता की मी तिला फितवलं.

म्हणून हे पत्र लिहिते आहे. मी तिला काही म्हणजे काही सांगितलं नाही. तिनं मला तोंडही उघडू दिलं नाही. मेडिकल कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती, मला पाहून तोंड फिरवलं. इतक्या वर्षांनी भाची समोर दिसली, आणि हनुवटी तंतोतंत तुमची. मी शेजारी बसले. मग तीच बोलली.

"मावशी, मी हे कोणासाठी करून राहिली, माहीत आहे? बाबांसाठी. तुम्ही त्यांच्यावर जे किटाळ आणलं, ते मला एकदाचं पुसायचं आहे. ती हाडं माझ्या आईची नाहीत. माझी आई मला टाकून गेली, ते मी केव्हाच मान्य केलं आहे. रिपोर्ट आला की तुम्ही माझ्या बाबांची माफी मागाल?"

मी म्हटलं, "मागीन."

रिपोर्ट काय येणार हे मला माहीत होतं. तिला उठवून घरी पाठवता आलं असतं. दुसरा मार्ग काढा, कोर्टाकडून आदेश आणा, असं मॅडमना म्हणता आलं असतं. मी तसं केलं नाही. आतून तिच्या नावाची हाक आली, ती बाही वर करत आत गेली, आणि मी बाकावर बसून राहिले. मला तुमच्यासाठी हेच हवं होतं. परक्याच्या हातून नको. तुमच्यावर जिचा सगळ्यात जास्त विश्वास, तिच्याच हातून. मला त्याचा पश्चात्ताप होत नाही. होईल असं वाटलं होतं.

रिपोर्ट आला त्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघींना ठाण्यात बोलावलं. सरळ सांगितलं. दाढेतला आणि हाडातला डीएनए गार्गीच्या आईचा आहे. गार्गीनं विचारलं, "चूक असू शकते का?" मॅडम म्हणाल्या, "नाही, बेटा." ती रडलीही नाही. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, तो ती फिरवत राहिली.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. स्क्रीनवर "बाबा" असं आलं. मॅडम काही बोलणार होत्या, पण गार्गीनं फोन उचलला.

तुम्हाला तो फोन आठवत असेल. तुम्ही म्हणालात, मी कामानिमित्त जबलपूरला निघून राहिलो, दोनचार दिवस लागतील. ती काय म्हणाली? "बाबा, थांबा ना. मी अर्ध्या तासात येते, सोबत जेवू. तुम्ही घरीच थांबा." आवाज जराही हलला नाही तिचा. तुम्ही थांबलात. ताटं वाढून ठेवली होतीत, असं मॅडम सांगत होत्या. दाराची घंटा वाजली तेव्हा तुम्हाला गार्गी आली असंच वाटलं असणार.

फोन ठेवून ती मॅडमना म्हणाली, "घरीच आहेत. मागचं दार गल्लीत उघडतं, तिकडेही माणूस ठेवा."

पोलीस तुमच्यापर्यंत इतक्या लवकर कसे पोचले, असं तुमच्या वकिलानं कोर्टात दोनदा विचारलं. आता तुम्हाला कळलं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती माझ्याकडे आहे. माझ्यावर तिचं प्रेम आहे असं मी म्हणणार नाही. मी बाकावर काय जाणून बसले होते ते तिनं ओळखलं आहे. एकदा भांडी विसळताना म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. तिनं पुढचं भांडं घेतलं. तुमच्याबद्दल ती वाईट बोलत नाही. तुम्हाला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि तुम्हालाही. ती तुमचं नावच घेत नाही. फक्त एकदा मला म्हणाली, "त्या रिपोर्टात माझं अर्धं आईशी जुळलं. उरलेलं अर्धं कोणाचं, ते मला माहीत आहे." हे तुम्ही तिला दिलं आहे, प्रेमानंदराव, आणि ते मला काढून घेता येत नाही. तुम्हाला जन्मठेप झाली तरी नाही. एवढ्या एका बाबतीत तुम्ही माझ्यावर मात केली आहे.

तुमच्या पत्राचं उत्तर तिनं लिहिलं नाही, पण काल एक गोष्ट तुम्हाला विचारायला सांगितली. तशीच लिहिते.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर ती फाटकाशी उभी होती. सगळी मुलं गेली. वॉचमननं तिला आपल्या स्टुलावर बसवलं. ऊन उतरायला लागल्यावर तुम्ही आलात. तिनं विचारलं, आई काहून नाही आली? तुम्ही म्हणालात, आईला तू नको होतीस, बेटा. मग तुम्ही तिला उचलून गाडीत बसवलं, आणि ती तुमच्या गळ्यात पडून रडली. तेव्हा तुमचा शर्ट ओला होता, साबणाचा वास येत होता, असं तिला आठवतं. ती पहिलीत होती. मला हे कालपर्यंत माहीत नव्हतं.

तिचा प्रश्न इतकाच: आई मला घ्यायला निघाली होती का?

त्याचं उत्तर मला पत्रानं पाठवू नका. सुनावणीला ती येणार आहे, पहिल्या बाकावर बसणार आहे. तिच्याकडे पाहून सांगा.

गुडघ्यांना जपा. तुम्ही पुष्कळ वर्षं जगावं अशी माझी इच्छा आहे.

तुमच्याविरुद्धची साक्षीदार,
शोभा