बाळाच्या वतीने

गाझियाबाद, ६ जानेवारी २०२५

चि. क्रांतीस, अ. आ. व जयभीम.

पत्र बघून हसू नकोस. या दोन खोल्यांत फोनवर कुजबुजलं तरी सूनबाईला ऐकू जातं. तुझ्या अंशुमनदादाचं ऑफिस दिल्लीत तुमच्या मुनिरक्याजवळच, तो पोचवील. अंशुमनला दुसऱ्याची पत्रं वाचायची खोड आहे, म्हणून पाकीट डिंकाने चिकटवलंय.

सुनयनाला आठवा लागलाय आणि बाईसाहेबांना पंचवीस तारखेला करोल बागेत जाऊन खात्याची परीक्षा द्यायची आहे! पास झाली तर सेक्शन ऑफिसर होईल म्हणे. डॉक्टरीणबाईंनी खुशाल जाऊ द्या असं सांगितलं. त्यांचं काय जातंय? ती गर्दी, ते जिने! मी अकोल्याहून इथं तिच्यासाठी नाही, बाळासाठी आलेय, हे तिला तोंडावर सांगितलंय. तू कायदा शिकतेस ना, मग तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांग. अंशुमन तर आम्हा दोघींच्या मध्ये मेथी निवडत बसतो.

जवसाची चटणी पाठवलीय. माया आहेच, फोन मात्र करू नकोस.

तुझी आई


मुनिरका, ९ जानेवारी

ती. आईस, सा. जयभीम.

चटणी रूममेटनेच संपवली. पाकीट दादाने मेट्रोत उजेडाला धरून बघितलं, हे त्यानेच कबूल केलं.

वहिनीला मी काही सांगणार नाही, पण गंमत ऐक. आमच्या कॉलेजात खोटं कोर्ट भरवून वादाची स्पर्धा असते. त्यात चिठ्ठीने मला बाळाची बाजू आलीय! विषय असा की, न जन्मलेल्या बाळाला संविधानाने व्यक्ती मानावं का, आणि मानलं तर बाईचा गर्भपाताचा हक्क उरतो का. मी मनाने बाईच्या बाजूची, पण वकिलाला आवडनिवड नसते. माझा मुद्दा ऐक. कलम एकवीस प्रत्येक व्यक्तीच्या जिवाचं रक्षण करतं. बाप वारला तर पोटातल्या बाळालाही वारसा मिळतो, फक्त ते जिवंत जन्मलं पाहिजे. मग ज्याला शेतात वाटा, त्याला जगण्याचा हक्क का नको? तू न्यायाधीश हो आणि खोट काढ.

राग धरलास तरी चटणी धाडत जा.

क्रांती


गाझियाबाद, १४ जानेवारी

चि. क्रांतीस, अ. आ. व जयभीम.

खोट कसली! एक नंबर मुद्दा आहे. सूनबाईला वाचूनच दाखवला. बाळ व्यक्ती आहे ना, मग व्यक्तीला झोप हवी, म्हणून जागून अभ्यास बंद. व्यक्तीला तिखट सोसत नाही, म्हणून लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. आणि करोल बाग तर रद्दच. तिने एवढंच विचारलं की या सगळ्यात ती स्वतः कोण. मी म्हटलं, आधी बाळंत हो, मग बघू.

काल तिने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. भांडली असती तर बरं वाटलं असतं गं. नुसतं बरं म्हणते आणि दोन घास खाऊन उठते. जिंकले खरी, पण मला काही चैन पडेना.

तुझ्या अभ्यासाला बळ मिळो.

तुझी आई


मुनिरका, १७ जानेवारी

ती. आईस, सा. जयभीम.

अगं, हे काय करून बसलीस! तुझं पत्र वाचून मी सरावाच्या फेरीला गेले. समोरून माझ्या वर्गातला धम्मदीप बाईच्या बाजूने बोलत होता. तो म्हणाला की बाळाचा वारसा जन्मल्यावर पक्का होतो, पण बाई आजच व्यक्ती आहे. तिचं शरीर आणि तिचा निर्णय, दोन्ही कलम एकविसात येतात. मग न्यायाधीश झालेल्या आमच्या मॅडमनी मला विचारलं की बाळाच्या वतीने बोलणाऱ्याने बाईचं काय काय बंद करायचं, आणि थांबायचं कुठे? यार, मला तुझी लोणच्याची बरणी आठवली आणि मी कागद मिटून खाली बसले. माझा मुद्दा कोर्टात टिकला नाही, आपल्या घरात मात्र लागू झाला. फार वाईट वाटतंय.

वहिनीला बाळ हवंय गं, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त हवंय. पण तिला काय हवंय ते आपण विचारलंच नाही. पुस्तकं खाली काढ. तू चढू नकोस, दादाला चढव.

रागावलीस तर रागाव, पण वहिनीवर नको.

क्रांती


करोल बाग, २५ जानेवारी

चि. क्रांतीस, अ. आ. व जयभीम.

परीक्षेच्या गेटसमोर चहावाल्याच्या बाकड्यावर बसून लिहितेय, अक्षर गोड मानून घे.

तुझ्या पत्रावर दोन दिवस फुगून बसले होते. मग आठवलं, तुझ्या वेळी आठव्या महिन्यात मी वर्गात उभी राहून शिकवत होते. कुणी अडवलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं! अंशुमनला माळ्यावर चढवलं; शिंकून शिंकून बेजार झाला. सूनबाईला विचारलं की बाई, तुला काय करायचंय ते सांग. आधी ती रडली, मग लोणच्याच्या दोन फोडी खाल्ल्या आणि अभ्यासाला बसली. बाळ आतून लाथा मारत होतं, त्याचं काय म्हणणं होतं ते त्यालाच ठाऊक.

स्पर्धेत तुझा दुसरा नंबर आला म्हणे. बरंच झालं, पहिला आला असता तर मी पुन्हा चेकाळले असते.

थंडीत कान बांधून फिर. रविवारी जेवायला ये, आता फोनही कर.

तुझी आई

ता. क. गेटवरचा गार्ड दोनदा येऊन विचारून गेला की माताजी, एवढ्या गारठ्यात कुणासाठी बसलात? मी सांगितलं, माझ्या सुनेसाठी.