'ब' ताऱ्याची तक्रार

इचोडा, ९ नोव्हेंबर २००४

चि. सौ. मीनाक्षीस, अ. उ. आशीर्वाद.

दुर्बिणीचा सहा इंची आरसा चार महिने काचेवर काच घासून मीच केला. नळी बोअरच्या पाइपाची, बैठक सागाची, हंस तारकासमूहातल्या ताऱ्यांचा नकाशा माझ्या हातचा, आणि सतरा वर्षांच्या सतरा वह्या शिवल्या त्याही मीच. हे पुन्हा सांगतो, कारण तुझ्या कार्डावरून वाटते, दादा पंपाच्या मोटारी वाइंडिंग करता करता सहज वर बघून राह्यला.

माझा तांबडा तारा किती उजळला, किती मंदावला हे मी शेजारच्या 'ब' ताऱ्याशी ताडून लिहितो. 'ब' स्थिर, म्हणून तोच माप. आणि तू लिहितेस, परदेशी दुर्बिणींच्या आकाश-पाहणीत 'ब'च बदलताना सापडला! म्हणजे माझा गजच आखडतो-पसरतो? सतरा वर्षे पाण्यात? यंत्राला ढग कळतो का, विचार त्यांना. तुझी वहिनी म्हणते, ताऱ्याचा राग भाकरीवर काऊन काढता.

भाऊजींना नमस्कार.
तुझा दादा, उद्धव

हैदराबाद, १८ नोव्हेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

ढग यंत्राला कळतो. तसे दिवस गाळूनच त्यांनी आलेख काढलाय. कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून छापून पाठवते. 'ब' त्रेपन्न दिवसांत एक हेलकावा खातो. तुम्हाला विचारून थोडाच खाईल! लहानपणी माझी गणितं तपासायचात, तशी एकदा आपली वही तपासा.

आमचे एक प्राध्यापक तुमच्या वह्या विकत मागतात. त्यांचा विद्यार्थी 'ब'वर निबंध लिहितोय. नाव त्याचं, तुमचे आभार तळटीपेत. रक्कम सोबतच्या चिठ्ठीत आहे. काय कळवू?

रागावलात तरी पत्र टाका.
मीनाक्षी

इचोडा, २ डिसेंबर

चि. सौ. मीनाक्षीस, आशीर्वाद.

वह्या तपासल्या. १९९१पासून अकरा ठिकाणी समासात माझेच अक्षर: 'ब आज मंद. डोळ्यांचा दोष.' त्या दोषापायी आदिलाबादला जाऊन चष्मा केला! डॉक्टर म्हणत होता, नजर साफ आहे. मी त्याच्याशीच भांडलो. खरे दिसले तेव्हाच नेमका स्वतःला खोटा ठरवून बसलो.

त्रेपन्न-त्रेपन्न दिवस मागे मोजत गेलो. नऊ तारखा जुळल्या. दोन जुळत नाहीत, तेही लिहिले. झेरॉक्स, चष्म्याच्या मूर्खपणासकट, माझ्या नावाने त्या पाहणीवाल्यांना रजिस्टरने पाठवून राह्यलो. तांबड्याची नोंद वाया जाणार नाही. रोज शेजारचा 'क' ताराही लिहिलेला आहे, त्यावरून सगळे पुन्हा मांडायचे. तुझी सुभद्रावहिनी म्हणते जन्म जाईल. मी म्हणतो दोन वर्षे.

चिडलो ते ताऱ्यावर, तुझ्यावर नव्हे. माया आटू देऊ नकोस.
दादा

ता. क. प्राध्यापकांना कळव: सतरा वह्या समासासकट त्यांना द्यायच्या आणि नाव विद्यार्थ्याचे लागायचे, हे मी नाकारले. नाकारलेली रक्कम रुपये वीस हजार.