लाल खुणेच्या तीन डिशेस

रविवार, ९ मार्च २०२५. स. ७.१०
स्टेम सेलचं गुलाबी मीडियम (पेशी ज्यात वाढतात तो द्रव) बदललं. सहा डिशेस : तीन निळ्या खुणेच्या, तीन लाल. पेशींना रविवार नसतो, म्हणून चेन्नईच्या टोकाच्या आवडी स्टेशनवरून पहिली लोकल. प्रत्येक झाकणावर तारीख, वेळ, माझी आद्याक्षरं.
कार्तिका मॅडमनी (इथे पीएचडी करतात) सांगितलं होतं : दोन प्रथिनं एकमेकांना धरून जनुकांवर बसतात. म्हणून पेशी स्टेम सेलच राहते, हृदयाची किंवा मज्जातंतूची होत नाही. लाल डिशेसमध्ये एकाची पकड मोडलीय. सरांच्या (प्रयोगशाळेचे प्रमुख) मते त्या पेशी आता स्टेम सेल न राहता पसरायला हव्यात.
लालमध्येही गोल, दाट पुंजके. कडा स्वच्छ. तिन्हींत. म्हणजे अजून स्टेम सेलच.

सोम. १०
सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. मग सगळ्यांसमोर, धाकट्या भावाला हाक मारावी तसं, "तंबी, काल झोपेत झाकणं बदललीस का?"
बारावी सोडली म्हणजे लाल-निळं कळत नाही? चार वर्षांत एक झाकण चुकलेलं दाखवा!
म्हणालो, "डीएनए तपासा सर, कुठली डिश कुठली ते कळेल."
"आता तू मला शिकवणार?"
तेच बीकर दोनदा धुतले.

मंगळ. ११
सरांनी रजिस्टर पुढे ठेवलं. "लिही, रविवारी माझ्याकडून डिशेसची अदलाबदल झाली. सही कर. सहाही ब्लीचमध्ये टाकून नष्ट कर. महिनाअखेर तुझं कंत्राट संपतंय, लक्षात आहे ना?"
जिन्यात कार्तिका मॅडम, हळूच, "तुझी चूक नाही रे. मला वाटतं, तिसरं कुठलं तरी प्रथिन त्या दोघांना धरून ठेवतंय."
म्हणालो, "मग हे सरांना सांगा ना!"
"माझ्या प्रबंधावर त्यांचीच सही लागते, तंबी."
म्हणजे खोटी सही मीच करायची. फुकटात. सर्वांत स्वस्त माणूस म्हणून.

बुध. १२
बाबा म्हणाले, "एका ओळीने नोकरी टिकत असेल तर लिहून टाक."
"तुम्ही फॅक्टरीच्या तपासणीत न मोजता एक तरी नट पास केलात?"
ताट तसंच ठेवून उठले. बोलायला नको होतं. पण केला नव्हता त्यांनी, मला माहीत आहे.

गुरु. १३. स. ७.०५
डिशेस इनक्युबेटरच्या मागच्या फळीवर. मीडियम दिलं : ६. ब्लीचमध्ये : ०. लाल, अजून गोल : ३. रजिस्टरात सही : नाही.
सर साडेनऊला येतात.